धावत्या गाडीतून तारेवर उडी

स्टेशन सुटले की पुढचे स्टेशन येईपर्यंत गाडीशी संपर्क साधायला मार्गच नसे. गाडीतून टेलिग्राफच्या तारेला घासत जाणारा जोड लावावा, तर वेगात तो उसळतो आणि मोर्स लिपीतल्या संदेशाचे ठिपके-रेघा तुटतात. म्हणून १८८० च्या दशकात अमेरिकेतल्या संशोधकांनी स्पर्श टाळण्याचेच ठरवले.

ल्युशियस फेल्प्स यांनी १८८५ मध्ये न्यूयॉर्कजवळ रुळांच्या मधे तार टाकली आणि डब्याखाली वेटोळे बसवले. ग्रॅनव्हिल वुड्स या कृष्णवर्णीय संशोधकाचीही पद्धत विद्युतप्रवर्तनावरच, म्हणजे एका तारेतल्या बदलत्या प्रवाहाने स्पर्शाविना दुसरीत प्रवाह उमटण्यावर, आधारलेली होती. फेल्प्सशी झालेल्या वादात पेटंट कार्यालयाने वुड्स यांचा दावा मान्य केला आणि १८८७ मध्ये त्यांना पेटंट मिळाले. अडचण एवढीच, की रुळांमधून मैलोन्‌मैल तार टाकायची आणि सांभाळायची.

एडिसन व एझरा गिलिलँड यांनी रुळांच्या कडेच्या खांबांवरची टेलिग्राफची तार वापरली. डब्याचा पत्र्याचा टप आणि ती तार या संधारित्राच्या (कपॅसिटरच्या), म्हणजे विद्युतभार साठवणाऱ्या जोडीच्या, दोन पट्ट्या. मधली हवा विद्युतरोधक. बॅटरीचा स्थिर प्रवाह ही फट ओलांडत नाही, झपाट्याने बदलणारा ओलांडतो. म्हणून बॅटरीचा प्रवाह थरथरत्या पट्टीने सेकंदाला शेकडो वेळा तोडून प्रवर्तन कॉइलमध्ये सोडायचा. कॉइलच्या दुय्यम वेटोळ्याचे एक टोक टपाला, दुसरे आसामार्गे चाकाला आणि रुळाला. कळ दाबली की गुणगुण टपावरून तारेवर जाते. ऐकताना टप आणि आस यांच्यामध्ये टेलिफोनचा रिसीव्हर असतो. छोटी गुणगुण ठिपका, लांब ती रेघ.

टप लोखंडी सांगाड्याला टेकला, तर संदेश तारेपर्यंत न पोचता थेट रुळात उतरतो. लाकडी डबा इथे सोयीचा. अनेक डब्यांचे टप एकमेकांना जोडले, की पट्टी मोठी होऊन आवाज वाढतो.

मला यातला सर्वात हुशार भाग स्टेशनातला वाटतो. त्याच तारेवर नेहमीची मोर्स वाहतूकही चालू राही. मोर्स यंत्राची जड पट्टी इतक्या जलद बदलांबरोबर हलूच शकत नाही, त्यामुळे तिला गुणगुण कळत नाही. पण यंत्राचे वेटोळे गुणगुणीची वाट अडवते. म्हणून त्याला समांतर संधारित्र जोडून तिला वळणरस्ता दिला जाई.

ऑक्टोबर १८८७ मध्ये लेहाय व्हॅली रेल्वेवर ही सोय सुरू झाली. मार्च १८८८ च्या प्रचंड हिमवादळात अडकलेल्या गाड्यांशी तिने संपर्क टिकवला. तंत्र उत्तम चालले, तरी धावत्या गाडीतून तार पाठवण्याची निकड फारच थोड्या प्रवाशांना होती. त्यामुळे धंदा म्हणून ते रुजले नाही.