अ‍ॅप्लिकेशन सर्व्हरवरील वेब सेवा

अ‍ॅप्लिकेशन सर्व्हरवरील वेब सेवा : एखादे नेमके काम करणारा प्रोग्रॅम लिहून तो अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर या तयार यंत्रणेच्या हवाली करायचा आणि नेटवर्कवरून इतर प्रोग्रॅमना वापरू द्यायचा, ही पद्धत. वेब पान माणसासाठी असते. वेब सेवेचे उत्तर बहुधा दुसरा प्रोग्रॅम वाचतो. पोर्ट उघडून बसणे, एचटीटीपी विनंतीची फोड करणे, एकाच वेळी आलेल्या अनेकांना वाट देणे, डेटाबेसच्या जोडण्या सांभाळणे ही कामे सर्व्हरची. सेवा लिहिणाऱ्याकडे मूळ काम तेवढे उरते. कुठले काम कोणाचे हे पक्के असले, की या विषयातल्या बहुतेक अडचणी कुठे शोधायच्या ते कळते. ही संज्ञा जावाच्या जगात सर्वाधिक रुळली, म्हणून येथील विवेचन जावाच्या आधाराने केले आहे.

सन मायक्रोसिस्टिम्सने १९९७ मध्ये सर्व्हलेटचा (सर्व्हरवर चालून विनंतीला उत्तर देणाऱ्या जावा क्लासचा) पहिला आराखडा दिला आणि डिसेंबर १९९९ मध्ये सर्व्हरवरील प्रोग्रॅमसाठीच्या मानकांचा जे-टू-ईई १.२ (पुढे नाव जावा ईई) हा पूर्ण संच आणला. वेबलॉजिक, वेबस्फिअर, जेबॉस आणि नंतर ग्लासफिश हे सर्व्हर या संचाच्या आधारे वाढले. जेबॉसचा मुक्त सर्व्हर २०१४ पासून वाइल्डफ्लाय या नावाने ओळखला जातो. टॉमकॅटचीही गणना सर्रास यांच्यात होते, पण तो काटेकोरपणे सर्व्हलेट कंटेनर आहे, म्हणजे मुख्यतः सर्व्हलेट चालवणारा; संपूर्ण संच त्यात नसतो. हा भेद केवळ नावापुरता नाही : वाइल्डफ्लायवर जशीच्या तशी चालणारी सोप (ही रीत पुढे पाहू) सेवा टॉमकॅटवर हलवली, तर तिच्या लायब्ररी सोबत बांधून न्याव्या लागतात.

सेवेशी बोलण्याच्या दोन रीती रूढ आहेत. सोपमध्ये निरोप एक्सएमएल या खुणांनी मांडलेल्या मजकुराच्या पाकिटात जातो आणि सेवेत कोणत्या क्रिया आहेत, त्यांना काय द्यायचे, काय परत मिळते याचा करारनामा डब्ल्यूएसडीएल फाइलमध्ये असतो. सोप १.२ ला डब्ल्यू-थ्री-सी या वेबची मानके ठरवणाऱ्या संस्थेची मान्यता जून २००३ मध्ये मिळाली. दुसरी रीत रेस्ट : प्रत्येक गोष्टीला स्वतःचा वेब पत्ता, आणि तिच्यावरील क्रिया एचटीटीपीच्याच गेट, पोस्ट अशा आज्ञांनी. रॉय फील्डिंग यांनी २००० सालच्या आपल्या प्रबंधात ती मांडली. नव्या कामात आता रेस्ट आणि जेसन (माहिती साध्या मजकुरात मांडण्याची पद्धत) यांचीच चलती आहे. तरी डब्ल्यूएसडीएलसारखा यंत्राला वाचता येणारा करारनामा हाताशी असणे ही मोठी सोय होती, हे मान्य करायला हवे : त्यावरून ग्राहक प्रोग्रॅमचा बराचसा कोड आपोआप तयार होई.

उदाहरणादाखल सेल्सिअसचे फॅरेनहाइट करणारी सेवा घेऊ. एका क्लासमध्ये एकच मेथड : आलेल्या आकड्याला १.८ ने गुणायचे आणि ३२ मिळवायचे. ३७ पाठवले की ९८.६ परत. जावा ईई ५ (२००६) येण्यापूर्वी एवढ्यासाठीही एक्सएमएलच्या लांबलचक फाइली लिहाव्या लागत. त्यानंतर क्लासवर एक अ‍ॅनोटेशन (कोडमधली @ ने सुरू होणारी खूण) लावले की भागते. कंपाइल केलेले क्लास मग वॉर फाइलमध्ये बांधतात. वॉर ही खरे तर ठरावीक मांडणीची झिप फाइलच. तिच्यातल्या वेब-आयएनएफ फोल्डरात क्लासेस आणि लिब असे दोन कप्पे असतात, आणि या फोल्डरातले काहीही सर्व्हर बाहेरच्याला थेट देत नाही.

ही फाइल टॉमकॅटच्या वेबअ‍ॅप्स फोल्डरात ठेवली, की मूळ मांडणीत सर्व्हर ती स्वतःच उलगडतो. फाइलचे नाव पत्त्याचा भाग बनते : तापमान नावाची वॉर असेल, तर यजमानाचे नाव, ८०८० हा पोर्ट, तिरकी रेघ आणि पुढे तापमान. ते नाव पत्त्यात नको असेल, तर फाइलला कॅपिटल अक्षरांत रूट हे नाव देतात. वाइल्डफ्लाय डिप्लॉयमेंट्स फोल्डरावर नजर ठेवतो आणि काम झाल्यावर वॉरशेजारी डिप्लॉइड किंवा फेल्ड शेपटीची छोटी फाइल टाकतो. फेल्ड दिसली, तर ती उघडून वाचावी. कारण बहुधा तिथेच लिहिलेले असते.

अधिक छळणारी गडबड मात्र बिनबोभाट होते. जावा ईई २०१७ पासून एक्लिप्स फाउंडेशनकडे जाऊ लागले, त्याचे नाव जकार्ता ईई झाले आणि २०२० च्या नवव्या आवृत्तीत पॅकेजच्या (क्लासच्या गटाच्या) नावातला जावाएक्स जाऊन जकार्ता आला. टॉमकॅट ९ जुने नाव ओळखतो, टॉमकॅट १० नवे. जुन्या नावाचे अ‍ॅनोटेशन लावलेला सर्व्हलेट टॉमकॅट १० वर ठेवला, तर वॉर सुखरूप उलगडते, लॉगमध्ये तक्रार नसते, आणि प्रत्येक विनंतीला उत्तर ४०४, म्हणजे ‘सापडले नाही’. सर्व्हरच्या लेखी तो सर्व्हलेटच नसतो. अशा वेळी पत्ता पुन्हा पुन्हा तपासण्याआधी इम्पोर्टच्या (कोणती पॅकेजेस वापरली ते सांगणाऱ्या) ओळी पाहाव्यात.

दुसरी चूक लिहिणाऱ्याची. सर्व्हर सर्व्हलेटची सहसा एकच प्रत बनवतो आणि सगळ्या विनंत्या वेगवेगळ्या थ्रेडमधून (एकाच वेळी चालणाऱ्या कामाच्या धाग्यांतून) तिच्याकडेच पाठवतो. टॉमकॅटमध्ये मुळात २०० थ्रेडपर्यंत मुभा असते. आलेला आकडा मेथडमधल्या चलात न ठेवता क्लासच्या चलात ठेवला, तर ३७ विचारणाऱ्याला शेजारच्या थ्रेडमधल्या १०० चे उत्तर, २१२, मिळू शकते. चाचणी करणारा एकटाच एकेक विनंती पाठवत असतो, म्हणून हे त्याला दिसत नाही. गर्दी झाली की दिसते. सेवा डिप्लॉय करण्याआधी (वापरासाठी सर्व्हरवर चढवण्याआधी) तिच्यावर एकदम अनेक विनंत्या सोडून पाहणे म्हणूनच गरजेचे आहे.

सर्व्हर बंद न करता नवी वॉर चढवण्याची सोय आकर्षक असली, तरी जपून वापरावी. जुन्या आवृत्तीचा एखादा थ्रेड किंवा डेटाबेस ड्रायव्हर मागे रेंगाळला, तर तिचा क्लासलोडर (क्लास मेमरीत आणणारा भाग) मेमरीतून सुटत नाही. असे पाच-दहा वेळा झाले, की मेटास्पेस (क्लासची माहिती ठेवण्याची मेमरी) भरून सर्व्हर कोसळण्याची वेळ येऊ शकते.

२०१४ मध्ये स्प्रिंग बूट या जावा चौकटीची पहिली आवृत्ती आली आणि मांडणी उलटी होऊ लागली : सेवा सर्व्हरमध्ये ठेवण्याऐवजी टॉमकॅटच सेवेच्या जार फाइलमध्ये (जावा प्रोग्रॅम बांधून ठेवण्याच्या फाइलीत) बसवला जातो, आणि प्रत्येक सेवा आपला सर्व्हर बरोबर घेऊन सुरू होते.