बुरशीच्या गोळीसोबत प्रोबायोटिक, ही जोडी जमली कशी?

खाज सुटली, नासलेल्या दुधासारखं घट्ट पांढरं जायला लागलं आणि योनीत यीस्टचं, म्हणजे बुरशीचं इन्फेक्शन निघालं की फ्लुकोनाझोलची गोळी मिळते, आणि हल्ली बऱ्याचदा सोबत प्रोबायोटिकची, म्हणजे उपयोगी जिवंत जंतूंची कॅप्सूलही. ही दुसरी कॅप्सूल कुठून आली?

१८९२ मध्ये अल्बर्ट डोडरलाइन या जर्मन डॉक्टरने योनीस्रावातले काडीसारखे जंतू दाखवले, लॅक्टिक अॅसिड बनवणारे. तेच आपले लॅक्टोबॅसिलस. पुढे अँटिबायोटिक्स आली, ती या जंतूंनाही मारायची आणि मागून बुरशी फोफावायची, त्यामुळे गेलेले जंतू परत आणून सोडले तर, हा विचार सुचणारच होता. बुरशीवरचं औषध म्हणाल तर १९५० मध्ये एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राउन या दोघींनी निस्टॅटिन शोधलं, न्यूयॉर्क स्टेटवरून नाव ठेवलं. फ्लुकोनाझोलसारख्या अझोल गटातल्या गोळ्या नंतरच्या.

मला सगळ्यात गंमत वाटते ती १९९२ च्या, लॅक्टोबॅसिलस असलेल्या दह्याच्या अभ्यासाची. वारंवार इन्फेक्शन होणाऱ्या ३३ जणी, सहा महिने रोज २०० ग्रॅमच्या वर दही आणि सहा महिने बंद, असं ठरलेलं. पण आधी दही खाल्लेल्या ८ जणी ते बंद करायलाच तयार होईनात! शेवटी पूर्ण केलं फक्त १३ जणींनी. त्यांना दही चालू असताना इन्फेक्शन खूपच कमी झालं, पण १३ जणींवरून काय ठरवणार.

२००४ मध्ये ऑस्ट्रेलियात २३५ जणींवर बघितलं, अँटिबायोटिकनंतर लॅक्टोबॅसिलस देऊन इन्फेक्शन टळत नव्हतं. २००९ मध्ये ब्राझीलमध्ये मात्र ५५ जणींना फ्लुकोनाझोल दिलं, काहींना सोबत चार आठवडे लॅक्टोबॅसिलस, तर त्यांच्यात बुरशी उरलेल्या १० टक्के आणि बाकीच्यांत ३८. २०१७ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात १० चाचण्या एकत्र घेतल्या, लगेचचा थोडा फायदा दिसला, लांबचा नाही, आणि पुरावाही कच्चाच. शिवाय कँडिडा, म्हणजे याच बुरशीचं इन्फेक्शन झालेल्या बऱ्याच जणींत लॅक्टोबॅसिलस आधीपासून भरपूर असतात, म्हणजे मूळ कल्पनाच जरा लंगडी. बरं करते ती गोळीच.

एक घोळ मात्र नेहमी होतो. लॅक्टोबॅसिलस बॅक्टेरिया आहे, बुरशीच्या औषधाने मरत नाही, पण प्रोबायोटिक म्हणून मिळणारं सॅकरोमायसिस बुलार्डी हे स्वतःच यीस्ट आहे, १९२० च्या दशकात आंरी बुलार्ड यांनी लिची आणि मँगोस्टीनच्या सालीवरून मिळवलेलं. ते फ्लुकोनाझोलबरोबर घेतलं तर एका हाताने पेरायचं आणि दुसऱ्याने उपटायचं, त्यामुळे स्ट्रिप उलटून नाव वाचा.