फिरत्या क्रेनवरील कामगार सुरक्षा

चाकांवर किंवा साखळीपट्ट्यांवर चालत जाऊन हव्या त्या जागी भार उचलणाऱ्या यंत्राला फिरती क्रेन म्हणतात. ट्रकवर बसवलेली, साखळीपट्ट्यांवरची म्हणजे क्रॉलर, खडबडीत जमिनीवर चालणारी असे तिचे प्रकार आहेत. भारतात सर्रास दिसते ती भार उचलून तो घेऊन चालणारी ‘पिक अँड कॅरी’ क्रेन. साइटवर तिला सगळे ‘हायड्रा’ म्हणतात. क्रेन उलटणे, बूम म्हणजे भार पेलणारा लांब हात मोडणे, भार निसटणे, वीजवाहिनीशी संपर्क येणे आणि क्रेनच्या हलत्या भागाखाली माणूस चिरडणे ही इजांची व मृत्यूंची मुख्य कारणे. अपघातानंतर ‘ऑपरेटरची चूक’ असे लिहून मोकळे होण्याची पद्धत अन्यायकारक आहे, कारण जमीन, अंतर आणि भाराची बांधणी यांचे निर्णय बहुतेकदा त्याच्या हाती नसतात.

हायड्रावर सर्वाधिक धोका असतो तो हेल्परला. जुन्या बांधणीत ऑपरेटरची केबिन मागे असते. पुढचा रस्ता बूम आणि लटकता भार झाकून टाकतात. भार झुलू नये म्हणून हेल्पर तो हाताने धरून क्रेनच्या पुढे चालतो. तो अडखळून पडला, तर ऑपरेटरला कळायच्या आत चाक त्याच्यापर्यंत पोचते. म्हणून भार हाताने धरू नये. त्याला दोर बांधून तो धरणाऱ्याने क्रेनच्या वाटेबाहेरून, बाजूने चालावे. भार जमिनीलगत, बूम शक्य तितकी आखूड आणि वेग पायी चालणाऱ्याएवढाच हवा. या क्रेनचा सांगाडा मधोमध वळतो आणि पूर्ण वळणावर तिची क्षमता घटते. त्यामुळे भारासह उतारावर वळवली तर ती सहज कलंडते. नव्या बांधणीत केबिन पुढे आणल्याने नजरेची अडचण बरीच कमी झाली आहे.

क्रेनवर रंगवलेला टनांचा आकडा फसवा असतो. ‘50 टनी’ क्रेन 50 टन उचलते ती भार अगदी जवळ असताना. फिरण्याच्या केंद्रापासून हुकापर्यंतचे आडवे अंतर म्हणजे त्रिज्या. ती वाढेल तशी क्षमता झपाट्याने उतरते आणि 20 मीटरवर मोजकेच टन उरतात. हे सगळे लोड चार्टवर दिलेले असते. भार जमिनीवरून सुटताच बूम किंचित वाकते आणि त्रिज्या आणखी वाढते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. धोक्याची सूचना देणारा सेफ लोड इंडिकेटर ‘बायपास’ करून काम उरकणे म्हणजे माणसांचा जीव पणाला लावणे होय.

जमिनीचा हिशेब त्याहून दुर्लक्षित. एका आउटरिगरवर, म्हणजे क्रेन स्थिर ठेवण्यासाठी बाजूला काढून जमिनीवर टेकवायच्या पायावर, 30 टन दाब आला आणि त्याच्या तळव्याचे क्षेत्रफळ पाव चौरस मीटर असले, तर जमिनीवर दर चौरस मीटरला 120 टन दाब पडतो. भराव, बुजवलेला चर किंवा पावसात भिजलेली काळी माती तो सोसत नाही. दीड मीटर चौरस आकाराची भक्कम प्लेट खाली दिली, तर तोच दाब सुमारे 13 टनांवर येतो. आउटरिगर पूर्ण बाहेर काढावेत. कडेला भिंत आहे म्हणून एकच बाजू अर्धी उघडणे घातक ठरते. अमेरिकेतील ‘ओशा’ या सुरक्षा प्रशासनाच्या 2010 च्या नियमांनी जमीन तयार ठेवण्याची जबाबदारी साइटचे नियंत्रण ज्याच्याकडे आहे त्याच्यावर टाकली. ही तरतूद मोलाची आहे.

भार बांधताना कोन पाहावा लागतो. दोन पायांच्या स्लिंगने, म्हणजे भार हुकाला अडकवणाऱ्या दोराने किंवा पट्ट्याने, 10 टन उचलताना स्लिंग आडव्या रेषेशी 60 अंशांत असेल, तर प्रत्येक पायावर सुमारे 5.8 टन ताण येतो; 30 अंशांत तो थेट 10 टन होतो. चिरलेला पट्टा, तारा तुटलेला वायर रोप आणि वजनमर्यादेची खूण नसलेला शॅकल (जोडणीची लोखंडी कडी) बाद करावा. लटकत्या भाराखाली कोणी उभे राहू नये. काउंटरवेट, म्हणजे क्रेनच्या मागचे तोल राखणारे वजन, फिरते तो घेर दोरी लावून बंद करावा. इशारे एकाच सिग्नलमनने द्यावेत. ‘थांबा’चा इशारा मात्र कोणीही दिला तरी ऑपरेटरने पाळायचा असतो.

वाऱ्याने काय होते, हे अमेरिकेत मिलवॉकी येथे 14 जुलै 1999 रोजी दिसले. स्टेडियमच्या छताचा सुमारे 450 टनांचा भाग उचलताना ‘बिग ब्लू’ ही महाकाय क्रॉलर क्रेन कोसळली आणि दुसऱ्या क्रेनच्या पाळण्यात असलेले तीन कामगार ठार झाले. रुंद छतावर वारा किती जोर करील, याचा विचार पुरेसा झाला नव्हता.

वीजवाहिनीजवळ 50 किलोव्होल्टपर्यंत किमान 10 फूट, म्हणजे सुमारे 3 मीटर अंतर ओशा सांगते. वाहिनी बंद करून घेणे सर्वांत उत्तम. बूम तारेला लागलीच, तर ऑपरेटरने केबिनमध्येच थांबावे आणि खालच्यांनी क्रेनला, भाराला वा दोराला हात लावू नये. आग लागून उतरावेच लागले, तर क्रेन आणि जमीन यांना एकाच वेळी स्पर्श न होऊ देता दोन्ही पाय जुळवून उडी मारावी आणि पाय न उचलता, घसटत दूर जावे.

भारतात कारखाने अधिनियम, 1948 च्या कलम 29 ने उचल यंत्रांची सक्षम व्यक्तीकडून वर्षातून किमान एकदा तपासणी बंधनकारक केली. बांधकाम मजुरांसाठी 1996 चा स्वतंत्र कायदा झाला. 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यपरिस्थिती संहितेत हे दोन्ही कायदे सामावले आहेत.