सरकत्या कीबोर्डखालची पट्टी

सरकत्या कीबोर्डचा जुना फोन घेऊन नागपुरात बर्डीवरच्या एखाद्या दुरुस्तीवाल्याकडे जा. तो आधी पडदा हळूहळू सरकवून पाहील. अर्ध्यावर चित्र दिसतं आणि पूर्ण उघडला की पडदा पांढरा पडतो, असं झालं की निदान ठरलेलं: "स्ट्रिप गेली ना भाऊ!"

२००८ साली आलेला पहिलाच अँड्रॉइड फोन, एचटीसी ड्रीम, सरकत्या कीबोर्डचा होता. २०१० मध्ये सॅमसंगने त्याच घडणीचा, पण स्वस्तातला गॅलेक्सी ५५१ काढला. ३.२ इंची पडदा, ६६७ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, अँड्रॉइड २.२. आजच्या मानाने सगळं किरकोळ; या फोनांची घडण मात्र मला आजही थक्क करते.

कीबोर्ड हा त्यातला सोपा भाग. प्रत्येक बटणाखाली पातळ पत्र्याची इवलीशी घुमटी असते. दाबली की ती टक्कन आत बसून खालचे संपर्क जोडते, बोट उचललं की पुन्हा फुगते. ४० बटणांना ४० तारा लागत नाहीत. ४ आडव्या आणि १० उभ्या रेषांचं जाळं पुरतं. (बटणांवर अक्षरं इंग्रजीच, त्यामुळे मराठी मेसेजही रोमन लिपीत जायचे.)

खरी कसोटी पडद्याची. बॅटरी आणि मुख्य बोर्ड बहुधा खालच्या भागात, पडदा वरच्या. दोघांमधला सगळा व्यवहार एका लवचीक पट्टीतून चालतो; दुरुस्तीवाल्याची 'स्ट्रिप' ती हीच. पॉलिइमाइड या चिवट प्लास्टिकच्या दोन थरांमध्ये तांब्याच्या बारीक रेषा. ही पट्टी आत दुमडलेली असते आणि फोन उघडता-मिटताना ती दुमड पुढे-मागे सरकते.

ओली डहाळी वाकवली की बाहेरची साल ताणली जाते, आतली दबते, मधल्या गाभ्याला फारसं काही होत नाही. पट्टीचंही तसंच. ०.१ मिलिमीटर जाडीची पट्टी १ मिलिमीटर त्रिज्येत वळवली, तर बाहेरचा पृष्ठभाग सुमारे ५ टक्के ताणला जातो. एवढा ताण तांबं वारंवार सोसू शकत नाही, म्हणून ते बरोब्बर मध्यावर ठेवतात. केवढी सुंदर युक्ती! मजबुतीसाठी पट्टी जाड केली तर ताण उलट वाढतो.

तरीही रोजच्या उघडझापीने तांब्यात सूक्ष्म भेगा पडतात. धातू असा थकून तुटतो. तुटलेली टोकं एका स्थितीत एकमेकांना टेकतात, दुसऱ्या स्थितीत दुरावतात. अर्ध्यावर दिसणारं चित्र त्यामुळेच. दुमडीच्या जागी सोल्डरिंगचा डाग देऊन उपयोग नाही. तिथे पट्टी ताठ होते आणि पुढची भेग डागाच्या कडेलाच पडते. अख्खी पट्टीच बदलावी लागते.