चेहरा ओळखीचा, नाव उशिरा कळलेलं

चरित्र अभिनेता गेल्याची बातमी येते तेव्हा अनेक चाहत्यांना आधी फोटो ओळखू येतो, मग नाव. कित्येक चित्रपटांत पाहिलेल्या माणसाचं नाव आपल्याला त्याच दिवशी कळावं, याची खंत मला दरवेळी वाटते. पण या उशिराला जुना इतिहास आहे.

अमेरिकेत सुरुवातीचे निर्माते नटांची नावं जाहीरच करत नसत. नाव झालं की मानधन वाढवून मागतील, ही धास्ती. प्रेक्षक मात्र ‘बायोग्राफ कंपनीच्या चित्रपटांतली ती मुलगी कोण?’ असं पत्रांतून विचारत राहिले. १९१० मध्ये त्या फ्लॉरेन्स लॉरेन्सचं नाव उघड झालं आणि तारे-तारकांचं युग सुरू झालं. न्यायाधीश, खानसामा, कारकून रंगवणाऱ्यांच्या वाट्याला ती प्रसिद्धी आली नाही. मोठ्या स्टुडिओंनी त्यांना पगारी करारावर ठेवलं, चित्रपटामागून चित्रपटात उभं केलं, आणि चेहरे घरच्यासारखे झाले.

सहायक भूमिकांना ऑस्कर मिळू लागलं ते १९३६ च्या चित्रपटांपासून. पहिले मानकरी वॉल्टर ब्रेनन आणि गेल साँडरगार्ड. पण त्यांना बाहुली नाही, फलक दिला गेला! बरोबरीची बाहुली मिळायला १९४४ चा सोहळा उजाडावा लागला. आपल्याकडे फिल्मफेअरने १९५५ मध्ये हा पुरस्कार सुरू केला. पहिला मान ‘बूट पॉलिश’मधल्या डेव्हिड यांचा.

पुरस्कारांनी सगळ्यांना न्याय मिळाला असं नाही. अमेरिकी नट जॉन कझाल १९७८ मध्ये ४२ व्या वर्षी कर्करोगाने गेला. त्याचे पूर्ण लांबीचे चित्रपट फक्त पाच, ‘द गॉडफादर’पासून ‘द डिअर हंटर’पर्यंत. पाचही सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या ऑस्करसाठी नामांकित झाले, तीन जिंकले; त्याला स्वतःला एकही नामांकन नाही. ‘द गॉडफादर’मधल्या त्याच्या फ्रेडो कॉर्लिओनेचा तो दुखावलेला चेहरा चाहत्यांनी जपला, आणि मृत्यूनंतर तीसहून अधिक वर्षांनी, २००९ मध्ये, त्याच्यावर माहितीपट आला. समीक्षक रॉजर ईबर्ट यांचा तर नियमच होता: हॅरी डीन स्टँटन किंवा एम. एमेट वॉल्श छोट्या भूमिकेत असेल, तर तो चित्रपट अगदीच टाकाऊ असू शकत नाही. अशा नटांचं याहून नेमकं कौतुक मी वाचलेलं नाही.

नावांची नोंद ठेवण्याचं काम शेवटी चाहत्यांनीच अंगावर घेतलं. १९८० च्या दशकाच्या अखेरीस यूजनेटवर, म्हणजे तेव्हाच्या संगणकांवरल्या चर्चागटांत, काही जण कलाकारांच्या याद्या करू लागले. १९९० मध्ये त्यांच्यातल्याच कॉल नीडहॅम यांनी त्या शोधता येतील अशा रूपात आणल्या. तीच आजची आयएमडीबी, चित्रपट आणि कलाकारांची माहिती देणारी वेबसाइट. आधी या याद्यांत हयात आणि काम करत असलेलेच कलाकार असत. मग निवृत्तांची भर पडू लागली आणि नीडहॅम यांनी दिवंगतांची वेगळी यादी सुरू केली. पुढे ती वेगळी राहिली नाही. गेलेले आणि असलेले एकाच यादीत आले.