५० क्युबिटांपुढे सिम्युलेशन अशक्य? तसं नाही

‘५० क्युबिटांच्या पुढे साध्या संगणकावर क्वांटम सर्किट चालवताच येत नाही’ हे विधान अनेक वर्षं फिरतंय. (क्युबिट म्हणजे क्वांटम संगणकातलं माहितीचं मूलभूत एकक; सर्किट म्हणजे त्यांवर क्रमाने करायच्या क्रियांची, म्हणजे गेटांची, मालिका.) ते चूक आहे, आणि नव्याने शिकणाऱ्यांना उगाच बिचकवतं.

त्यामागचा हिशोब मात्र खरा आहे. सगळ्या क्युबिटांची मिळून संपूर्ण अवस्था, म्हणजे तिचं वर्णन करणाऱ्या सगळ्या संख्या, जशीच्या तशी साठवायची तर प्रत्येक वाढीव क्युबिटला मेमरी दुप्पट लागते. प्रत्येक संख्येला १६ बाइट धरले, तर ३० क्युबिटांना सुमारे १७ गिगाबाइट, ५० क्युबिटांना सुमारे १८ पेटाबाइट.

पण ही अवस्था पूर्ण साठवायलाच हवी असं कुठे आहे? सर्किटमध्ये हॅडामार्ड, सीनॉट यांसारखी फक्त क्लिफर्ड गटातली गेट असतील तर गॉट्समन-निल प्रमेय कामी येतं: अशी सर्किटं साध्या संगणकावर झटपट चालवता येतात, असं ते सांगतं. ‘स्टिम’ हे साधन अशी हजारो क्युबिटांची सर्किटं लॅपटॉपवर चालवतं. एन्टँगलमेंट (क्युबिटांची एकमेकांतली क्वांटम गुंतवण) मर्यादित असेल तर टेन्सर नेटवर्क पद्धती आहेत; त्या मोठी अवस्था लहान लहान जोडलेल्या तुकड्यांत मांडतात. ‘किस्किट एअर’ या सिम्युलेटरमध्ये दोन्ही पर्याय तयार मिळतात. आयबीएमच्या २०२३मधल्या १२७ क्युबिटांच्या गाजलेल्या प्रयोगाचे निकालही थोड्याच काळात साध्या संगणकांवर काढून दाखवले गेले.

खरी अडचण येते ती खोल, भरपूर एन्टँगलमेंट असलेल्या आणि क्लिफर्डबाहेरच्या गेटांनी भरलेल्या सर्किटांत. म्हणून साधन निवडताना क्युबिट मोजण्याआधी सर्किटची रचना पाहा.