निनावी शिवीच्या आधीची निनावी पत्रं

१८८५च्या जूनमध्ये मुंबईच्या 'टाइम्स ऑफ इंडिया'त बालविवाहाविरुद्ध एक पत्र छापून आलं. खाली सही होती 'एक हिंदू स्त्री'. लिहिणारी होती रखमाबाई, वय अवघं वीस. लहानपणी लावून दिलेलं लग्न तिला मान्य नव्हतं, आणि तिला नांदायला आणावं म्हणून नवऱ्याने मुंबई हायकोर्टात दावा लावलेला होता. सप्टेंबरात तिचं दुसरं पत्र आलं, सक्तीच्या वैधव्यावर. १८८७ मध्ये कोर्टाने फर्मावलं, नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. तिने तुरुंगाची तयारी दाखवली. पुढे ती विलायतेत शिकून डॉक्टर झाली. ती पत्रं वाचताना दरवेळी वाटतं, त्या सहीच्या आडोशाशिवाय ती मुळात लिहिली गेली असती का?

त्याआधीही, १८४८ पासून, भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर' साप्ताहिकात 'लोकहितवादी' या नावाने शतपत्रं येत होती. सरकारी नोकरीतल्या गोपाळ हरी देशमुखांनी ती लिहिली. भाषा मवाळ मुळीच नव्हती. चांगलीच झोंबणारी होती. पण रोख रूढींवर आणि त्या चालवणाऱ्या वर्गावर होता, कुणाच्या घरातल्या लेकीसुनांवर नव्हता.

ही पार्श्वभूमी सांगायचं कारण, आज ऑनलाइन शिवीगाळ झाली की 'सगळ्यांना खऱ्या नावाने लिहायला लावा' अशी मागणी होते. त्यामागची चीड मला पटते, उपाय पटत नाही. जुन्या निनावी पत्राला एक मधला माणूस होता. वृत्तपत्रं लेखकाचं नाव छापत नसत, पण नाव-पत्ता संपादकाकडे कळवावा, ही अट असे. पत्र आधी तो वाचायचा, मग खिळे जुळायचे. शिवाय १८६७च्या कायद्याने छापील कागदावर मुद्रकाचं आणि प्रकाशकाचं नाव सक्तीचं केलं. म्हणजे लेखक पडद्याआड राहिला तरी जबाब द्यायला कुणीतरी उभा असे. आणि निनावी धमकीचा विचार तर १८६०च्या दंडसंहितेतच होता. कलम ५०७ने नाव लपवून दिलेल्या धमकीला मूळ शिक्षेवर आणखी दोन वर्षांपर्यंत कैद ठेवली. आता दंडसंहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्यायसंहितेत ती तरतूद कलम ३५१(४) म्हणून आहे.

फोन आला तेव्हा हा मधला माणूस पहिल्यांदा गळाला. कॉलर आयडीच्या आधी ज्यांच्या घरी रात्री ब्लँक कॉल येत, त्यांना हे वेगळं सांगायला नको. मग १५ ऑगस्ट १९९५ला व्हीएसएनएल या सरकारी कंपनीने मुंबईसह मोठ्या शहरांत सर्वांसाठी इंटरनेट खुलं केलं. नाक्यानाक्यावर सायबर कॅफे निघाले, तासाच्या पैशात कुणीही कुणीही होऊ लागला. २००४ मध्ये ऑर्कुट ही सोशल मीडिया साइट आली आणि शिवी थेट ज्याला द्यायची त्याच्या पानावर जाऊन पडू लागली. मधे कुणीच नाही.

अशा निनावी लिहिणाऱ्याचा माग काढणाऱ्यांचा सुरुवातीचा अनुभवही विसरू नये. २००७ मध्ये ऑर्कुटवर शिवाजी महाराजांची बदनामी केल्याच्या आरोपावरून पुणे पोलिसांनी बंगळुरूच्या एका तरुणाला पकडलं. इंटरनेट कंपनीने आयपी पत्त्याची माहितीच चुकीची दिली होती. निरपराध माणूस सुमारे ५० दिवस तुरुंगात राहिला.

नाव उघड ठेवल्याने काय होतं, तेही आपण बघितलं आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबई बंदबद्दल फेसबुकवर एकीने साधं मत मांडल्यावरून आणि दुसरीने ते 'लाइक' केल्यावरून पालघरच्या दोन मुलींना अटक झाली. त्या स्वतःच्या नावानेच वावरत होत्या, म्हणून लगेच सापडल्या. ज्या कलमाचा तेव्हा आधार घेतला, ते आयटी कायद्याचं ६६-अ सुप्रीम कोर्टाने २४ मार्च २०१५ला रद्द केलं. दक्षिण कोरियाने २००७ मध्ये मोठ्या साइट्सवर ओळख पटवणं सक्तीचं केलं होतं. २०११ मध्ये तिथल्या एका मोठ्या कंपनीतून साडेतीन कोटी लोकांची माहिती चोरीला गेली, आणि २०१२ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने ती सक्ती मोडीत काढली. उलट जानेवारी २०२२ मध्ये मुस्लिम स्त्रियांचे फोटो 'लिलावा'ला लावणाऱ्या अॅपमागची मंडळी खोट्या नावांआड लपली होती, तरी मुंबई आणि दिल्ली पोलिसांनी काही दिवसांत वेगवेगळ्या राज्यांतून त्यांना शोधून काढलं. तक्रार मनावर घेतली की माग लागतो.

मग माणूस तोंड का सोडतो? जॉन सुलर या मानसशास्त्रज्ञाने २००४ मध्ये याची सहा कारणं मांडली, त्यांत निनावीपण हे एक. २०१२ मध्ये लॅपिडॉट-लेफलर आणि बराक या इस्रायली संशोधकांनी ७१ जोड्यांना ऑनलाइन वाद घालायला बसवलं. कुणाचं नाव झाकलं, कुणाचा चेहरा, कुणाची नुसती नजरानजर तोडली. सर्वांत जास्त फरक पडला तो नजरानजर नसल्याने.

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर प्रत्येकाचा फ्लॅट नंबर नावापुढे आहे. पार्किंगवरून एका गृहस्थांनी तिथे मला जे लिहिलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी लिफ्टपाशी तेच भेटले. माझ्या हातात भाजीच्या पिशव्या बघून मी आत शिरेपर्यंत दार धरून उभे राहिले.